जुन्या डिझेल जीपमधील उष्णता: माण तालुक्यातील एका गाडीचे प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात वाड्या-वस्त्यांवर जाऊन जनावरांवर उपचार करणाऱ्या एका पशुवैद्यकांच्या जीपचे आहे. विलीज जीपच्या वंशातील, 1990 च्या दशकात बनलेली, 2.1 लिटरच्या डिझेल इंजिनाची, चार गिअरची आणि फोर बाय फोर असलेली ही गाडी त्यांनी वापरलेली म्हणून घेतली होती. म्हसवड, दहिवडी आणि शिखर शिंगणापूरच्या परिसरातील कच्च्या रस्त्यांवर तिचा कामापुरता भरवसा होता. मात्र एप्रिल उजाडला की दुपारी चालकाच्या उजव्या पावलाला चटके बसत, गिअर बॉक्सवरील पत्र्याला गुडघा टेकवत नसे, आणि 2 ते 8 अंश सेल्सिअस या मर्यादेत ठेवाव्या लागणाऱ्या लशींच्या पेटीतील बर्फ संध्याकाळपर्यंत टिकत नसे. डॉक्टरांची मागणी सरळ होती: गाडीत एसी बसवून द्यावा.

एसीचा विचार लगेच केला नाही, कारण गाडीत नको असलेली उष्णता कुठून येते हे ठाऊक नसताना ती ओढून काढणारे यंत्र किती मोठे हवे हेही ठरवता येत नाही. शिवाय या गाडीवर आधीच बराच खर्च होऊन गेला होता. कोणा आधीच्या मालकाने गाडीच्या आतल्या जमिनीवर, म्हणजे पायांखालच्या पत्र्यावर, डांबराच्या जाड चादरी चिकटवल्या होत्या, त्यांवर गालिचा टाकला होता, बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून ते दोन बोटे उचलले होते आणि इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिनाचे पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला होता. हे चारही उपाय गॅरेजांमध्ये नेहमी सुचवले जातात. या गाडीत त्यांतील एकही कामाला आला नव्हता, आणि दोन तर उलट त्रास वाढवत होते.

मूळ रचना आणि नंतरचा वापर

विलीज जीप दुसऱ्या महायुद्धासाठी 1941 पासून मोठ्या संख्येने बनू लागली, तेव्हा तिला दारे नव्हती आणि छत म्हणजे गरजेपुरते ताणलेले कापड होते. इंजिनाकडून मागे येणारी गरम हवा बसणाऱ्यांच्या पायांवरून जाऊन उघड्या बाजूंनी निघून जात असे, त्यामुळे फायरवॉलमधील, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधल्या पत्र्यातील, फटी बंद करण्याची कोणाला निकड वाटली नाही. भारतात 1940 च्या दशकाच्या अखेरीस या जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढची काही दशके तोच सांगाडा थोड्याफार फरकाने चालू राहिला. बदलला तो वापर. पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल आले, कापडी हूडला बाजूचे पडदे आले, दारे आली, गालिचे आले. हवा आत येण्याचे मार्ग मात्र पूर्वी होते तिथेच राहिले आणि बाहेर जाण्याचे मार्ग तेवढे बंद झाले. जुन्या जीपमधील उष्णतेचा प्रश्न मुळात हवेचा आहे आणि चादरी-गालिच्यांचा विचार त्यानंतरचा आहे, हे या प्रकरणातून दाखवता येते.

आकडे काय सांगतात तेही पाहावे. सपाट रस्त्यावर ही गाडी तासाला साधारण साडेचार लिटर डिझेल पिते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे 36 मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे इंजिनात सुमारे 45 किलोवॅट ऊर्जा सतत मोकळी होते. तिच्यातील फार तर तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो आणि उरलेले 30 किलोवॅट उष्णता होऊन रेडिएटर, सायलेन्सर आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर पडतात. या 30 किलोवॅटपैकी अवघे तीन टक्के जरी आत शिरले, तरी पायांशी थंडीतला एक किलोवॅटचा हीटर लावून ठेवल्यासारखेच होते.

मोजणी

दुपारी गाडी उन्हात उभी करून आत हात घालून पाहणे याला तपासणी म्हणता येत नाही, कारण त्यातून ऊन किती आणि इंजिन किती हे वेगळे कळत नाही. म्हणून तारेचे तापमापक पाच ठिकाणी लावले: चालकाच्या पायांशी सावलीत, शेजारच्या सीटच्या पायांशी, गिअर बॉक्सवरील पत्र्यावर, हूडच्या आतल्या बाजूला आणि चालकाच्या डोक्याजवळच्या हवेत. बाहेरच्या हवेचे तापमानही सोबत नोंदवले आणि पुढे तुलना करताना प्रत्येक ठिकाणी बाहेरच्यापेक्षा किती अंश जास्त एवढेच पाहिले, नाहीतर ढगाळ दिवस हा उपायाचा गुण म्हणून गणला गेला असता.

इन्फ्रारेड तापमापकाबद्दल इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हे पिस्तुलासारखे उपकरण आता स्वस्तात मिळते आणि सर्रास वापरले जाते, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ते फसते. असा पृष्ठभाग स्वतः फार कमी किरणे सोडतो आणि समोरच्या थंड वस्तूंची किरणे परावर्तित करतो, त्यामुळे तापलेला पत्राही उपकरणाला गार दिसतो. उष्णतारोधक फॉइल लावताच तापमान निम्म्यावर आल्याचे जे दावे केले जातात, त्यांतील बरेचसे याच घोटाळ्यातून येत असावेत. पत्र्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरला की आकडा खरा मिळतो.

मोजणीची पहिली फेरी भर दुपारी झाली आणि तीच फेरी सूर्यास्तानंतर पुन्हा केली. दुपारी बाहेर 39 अंश असताना डोक्याजवळची हवा बाहेरपेक्षा सुमारे 10 अंशांनी आणि चालकाच्या पायांजवळची सुमारे 18 अंशांनी जास्त होती. रात्री डोक्याजवळचा फरक चारच्या आसपास आला, पायांजवळचा मात्र फारसा हलला नाही. म्हणजे डोके उन्हाने तापत होते आणि पाय इंजिनाने, आणि या दोन दुखण्यांवर एकच औषध चालणार नव्हते.

उष्णता नेमकी कोणत्या मार्गाने येते ते शोधण्यासाठी दोन साध्या चाचण्या केल्या. अंधारात बॉनेटखाली प्रखर दिवा लावून आत बसून पाहिले, तेव्हा स्टिअरिंगच्या दांड्याभोवती, वायरिंगच्या जुडग्याजवळ, क्लच आणि ब्रेकच्या पेडलांच्या फटींतून आणि गिअर व ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) लिव्हरच्या फाटलेल्या रबरी बुटांतून, म्हणजे आवरणांतून, उजेड आत आला. नंतर इंजिन जरा जास्त फेऱ्यांवर चालू ठेवून त्या प्रत्येक फटीजवळ उदबत्ती धरली. धूर सगळीकडे आतच वाकला. पंख्याचा वारा बॉनेटखाली दाब वाढवतो आणि गाडी चालू लागली की समोरून येणारी हवा त्यात भर घालते. उलट मागचा पडदा गुंडाळलेला असेल, तर गाडीच्या पाठीमागे तयार होणारा कमी दाब थेट आतपर्यंत पोचतो. डॉक्टर वारा यावा म्हणून मागचा पडदा कायम गुंडाळून ठेवत आणि धुळीच्या भीतीने पुढच्या खिडक्या लावून घेत. त्यामुळे मागून धूळ आणि धूर आत येत होता आणि पुढच्या फटींतून इंजिनाची गरम हवा ओढली जात होती.

या तपासणीत आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि तिचे काम सगळ्यात आधी केले. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला जळका वायू गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाच्या) गॅसकेटपाशी काजळीचा काळा पट्टा होता, म्हणजे तिथून जळका वायू गळत होता. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलच्या मानाने कमी असला, तरी तो आणि त्याच्यासोबतचे इतर वायू बंद गाडीत श्वासावाटे जाणे घातकच आहे. गाडीत बसून डोके दुखत असेल, तर उष्णतेचा विचार बाजूला ठेवून आधी ही गळती पाहावी.

फटी बुजवणे

वरवर हे क्षुल्लक काम वाटते, म्हणून हिशेब मांडतो. सगळ्या फटी मिळून सुमारे 40 चौरस सेंटिमीटर जागा उघडी होती. तिच्यातून सेकंदाला पाच मीटर वेगाने हवा आली, तर दर सेकंदाला 20 लिटर हवा आत येते. ती हवा 80 अंशांची आणि आतली 45 अंशांची धरली, तर एकट्या या हवेबरोबर 700 वॅट आत येतात. त्याच्या शेजारी जमिनीच्या पत्र्याचा हिशेब ठेवून पाहावा. 80 अंशांपर्यंत तापलेला एक चौरस मीटर उघडा पत्रा आतल्या हवेला साधारण 350 वॅट देतो. त्यावर 10 मिलिमीटर जाडीचा चांगला फोम अंथरला, तर हा आकडा 90 च्या आसपास येतो, म्हणजे बचत 260 वॅटची होते. फटी बुजवल्याने याच्या जवळजवळ पावणेतीनपट बचत होते, आणि त्यासाठी लागणारे साहित्य फोमच्या मानाने नगण्य खर्चाचे असते.

स्टिअरिंगच्या दांड्यासाठी ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारे रबरी बूट थोडे कापून बसवले. वायरिंग आणि केबलच्या भोकांना योग्य मापाचे ग्रोमेट (रबरी कडी) घातले आणि उरलेल्या बारीक जागा उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने भरल्या. पेडलांच्या फटी बुजवणे थोडे अवघड गेले, कारण पेडल हलले पाहिजे आणि हवा मात्र येता कामा नये. मेकॅनिकने ट्रकच्या ट्यूबचे रबर सुचवले होते. ट्यूबचे ब्यूटिल रबर उष्णता बऱ्यापैकी सोसते, पण तेल आणि डिझेलपुढे टिकत नाही, आणि जुन्या इंजिनाजवळ या दोहोंची वानवा नसते. म्हणून निओप्रीनच्या जाड शीटचे दोन थर घेतले, प्रत्येकाला पेडलच्या दांड्यापुरती चीर दिली, दोन्ही चिरा एकमेकींना छेद देतील असे थर एकावर एक ठेवले आणि वरून पत्र्याची चौकट स्क्रूने आवळली. लिव्हरच्या बुटांसाठी चांभाराकडून चामड्याचे दुहेरी बूट शिवून घेतले. बाजारातल्या तयार रबरी बुटांपेक्षा ते जास्त टिकतील असा अंदाज आहे.

बॉनेटखालचे वॉशरही काढले. काचेच्या पायथ्याशी, म्हणजे बॉनेट संपते तिथे, धावत्या गाडीत हवेचा दाब जास्त असतो. तिथे फट ठेवली की वेगात बॉनेटखालची हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरचीच हवा आत दाबली जाते आणि बॉनेटखालचा दाब आणखी वाढतो. गाडी हळू असताना किंवा उभी असताना त्या फटीतून गरम हवा निघते खरी, पण ती काचेच्या चौकटीतील जुन्या रबरांमधून थेट चालकाच्या तोंडावर येते. केवळ दगडधोंड्यांत रांगणाऱ्या गाडीला या युक्तीचा काही उपयोग असेलही. रोज डांबरी रस्त्याने दूरवर जाणाऱ्या गाडीला तो नाही.

फटी बुजवल्यावर पुन्हा तीच फेरी केली, तेव्हा पायांजवळचा फरक 18 वरून 11 अंशांवर आला होता. पुढच्या कोणत्याही एका कामाने एवढा फरक पडला नाही.

सायलेन्सरचा पाइप आणि जमिनीचा पत्रा

मॅनिफोल्डपासून मागे जाणारा सायलेन्सरचा पाइप या गाडीत चालकाच्या पायांखालून, पत्र्यापासून जेमतेम चार बोटांवरून जातो. उष्णतेचे प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपाने बाहेर पडणे, निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअसमध्ये 273 मिळवून येणाऱ्या) चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे 250 अंशांचा गंजलेला पाइप दर चौरस मीटरला सुमारे 2.8 किलोवॅट बाहेर टाकतो आणि घाटात तोच पाइप 400 अंशांवर गेला की हा आकडा जवळपास तिपटीवर जातो. घाट चढताना चटका अचानक का वाढतो, त्याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

पाइपला फायबरची पट्टी गुंडाळण्याचा पर्याय नाकारला. नदी-नाले ओलांडणाऱ्या गाडीत ती पट्टी पाणी धरून ठेवते आणि साध्या पोलादाचा पाइप पट्टीखाली सडतो, आणि तो सडलेला बाहेरून दिसतही नाही. त्याऐवजी एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल करून ती पाइप आणि गाडीची जमीन यांच्यामध्ये, दोन्हींना न टेकता, पोलादी नळीच्या छोट्या तुकड्यांवर बसवली. मधली सुमारे 15 मिलिमीटरची पोकळी हाच या ढालीचा जीव आहे. तेच ॲल्युमिनियम किंवा फॉइल तापलेल्या पत्र्याला चिकटवून टाकले, तर परावर्तनाचा उपयोग संपतो, कारण उष्णता स्पर्शानेच आरपार जाते. ढालीच्या खालच्या अंगाला माणची धूळ आणि चिखल बसणारच आणि तिची चकाकी जाणारच. मात्र जमिनीकडे असलेले वरचे अंग पुष्कळसे स्वच्छ राहते, आणि चकचकीत अंग किरणे कमी सोडत असल्याने तेवढ्याने काम भागते.

आतल्या बाजूला डांबराच्या चादरी खरवडून काढाव्या लागल्या, आणि हे या संपूर्ण कामातले सर्वांत कंटाळवाणे प्रकरण ठरले. अशा चादरी पत्र्याचा थरथराट आणि आवाज कमी करण्यासाठी असतात. उष्णता अडवणे त्यांच्या गुणात नाही, उलट तापल्यावर त्या मऊ पडतात आणि वास सोडतात. खाली अपेक्षेप्रमाणे गंज होता. गालिच्याने धरलेले पाणी चादरीच्या कडांखाली शिरले होते, आणि जमिनीत पाणी निघून जाण्यासाठी असलेली भोके चादरीने झाकली गेली होती. पत्र्याला दोन ठिकाणी तुकडे जोडून, प्रायमर आणि रंग देऊन, भोकांना रबरी बुचे बसवून मग बंद पेशींचा नायट्रिल रबर फोम अंथरला. एसीच्या नळांवर गुंडाळतात तोच हा फोम आहे. तो पाणी शोषत नाही आणि सुमारे 100 अंशांपर्यंत टिकतो. तो कुठेही चिकटवला नाही. मापाने कापलेले तुकडे वरच्या रबरी मॅटसकट दाबाच्या बटणांनी अडकवले, म्हणजे पावसाळ्यात ते उचलून गाडी पाइपने धुता येईल. इंजिनाच्या बाजूने फायरवॉलवर कोणताही फोम लावला नाही, कारण तिथे उडणारे डिझेल आणि तेल फोमच्या कडांमध्ये मुरते आणि आगीला निमित्त होते.

रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि ताजी हवा

रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि गवताचे कुसळ अडकले होते आणि पंख्याभोवतीचे श्राउड (हवा जाळीतूनच ओढली जावी म्हणून बसवलेले कडे) गायब होते. श्राउड नसले की पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी कडेची तीच ती गरम हवा घुसळत राहतो. जाळी मागच्या बाजूने पाण्याने धुतली, श्राउड पत्र्याचे बनवून घेतले आणि थर्मोस्टॅट परत बसवला. तो काढल्याने इंजिन गार राहते ही समजूत सार्वत्रिक आहे. पण ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनात परत जाणारा, मार्ग बंद करतो, तिथे तो काढला की काही पाणी रेडिएटरला न जाता तसेच परत फिरते, आणि चढावर इंजिन उलट जास्त तापते.

एवढे झाल्यावर ताज्या हवेचा मार्ग करणे उरले. लँड रोव्हरच्या जुन्या सीरीज गाड्यांमध्ये समोरच्या काचेखाली उघडझाप करता येणाऱ्या झडपा असत, आणि उष्ण प्रदेशांत त्या गाड्या बऱ्यापैकी सुसह्य ठरल्या त्यामागे या झडपांचाही वाटा आहे. या जीपमध्ये काचेखाली तशी जागा नव्हती. म्हणून शेजारच्या सीटच्या पायांजवळ, बाजूच्या उभ्या पत्र्यात तळहाताएवढे भोक पाडून त्याला पुढे तोंड असलेले टोपण, आत जाळी आणि बंद करता येणारी झडप बसवली. मागचा पडदा लावून ठेवायचा आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात हवा जाण्यापुरती जागा सोडायची, ही सवय डॉक्टरांना लावून घ्यावी लागली. पुढून हवा दाबाने आत आली की उरल्यासुरल्या फटींतून गरम हवा ओढली जात नाही. ढाल, फोम आणि ही झडप मिळून पायांजवळचा फरक पाच अंशांच्या आसपास आला.

छत

हूड काळ्या रेक्झिनचे होते. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला 900 वॅटच्या आसपास ऊन पडते आणि काळे रेक्झिन त्याचा बहुतेक भाग पिते. आतून स्पंज लावण्याचा विचार मनात येतो, पण स्पंज पावसात भिजतो आणि कुजतो. लँड रोव्हरच्या उष्ण कटिबंधासाठी केलेल्या गाड्यांवर मूळ छताच्या वर थोडे अंतर सोडून दुसरे छत असे. त्याच धर्तीवर हूडच्या कमानींवर पातळ पट्ट्या बांधून त्यांवर फिक्या रंगाचे कॅनव्हास ताणले आणि पुढची-मागची तोंडे उघडी ठेवली, म्हणजे मधल्या पोकळीतून वारा वाहतो. दुपारचा डोक्याजवळचा फरक 10 वरून 4 अंशांवर आला. खिडक्यांच्या पारदर्शक प्लास्टिकवर काळी फिल्म लावण्याची सूचना झाली होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या व मागच्या काचेतून 70 आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार जाण्याची अट आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली काचांवर फिल्म लावण्याला मनाई केली होती. त्या वादात न पडता बाजूला कापडी झालर शिवून घेतली.

एसी आणि उरलेला त्रास

शिंगणापूरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना किंवा ओढ्यातून लो रेंजमध्ये (सर्वांत हळू, जास्त जोराच्या गिअरजोडीत) जाताना त्रास अजून होतो. वेग नसल्याने झडपेतून हवा येत नाही, पंखा मात्र रेडिएटरची सगळी उष्णता गाडीच्या जमिनीखाली लोटतो आणि पायांजवळचा फरक दहाच्या वर जातो. बॉनेटच्या दोन्ही अंगांना झरोके पाडले, तर हा फरक कमी होईल असे वाटते. पण जुन्या बॉनेटला हात लावू देण्यास डॉक्टर तयार नाहीत, आणि त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे.

लशींची पेटी पूर्वी चालकाच्या मागे, नेमक्या सायलेन्सरच्या डब्यावर ठेवली जात असे. आता ती दुसऱ्या बाजूला लाकडी पट्ट्यांच्या घोडीवर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवली जाते. बर्फ संध्याकाळपर्यंत टिकू लागला त्यात या जागाबदलाचाही मोठा हात असावा. त्याच्यासाठी वेगळी मोजणी केलेली नाही.

एसीचा विषय पुढे ढकलला आहे. सुमारे 62 अश्वशक्तीच्या इंजिनातून कंप्रेसरला चार-पाच अश्वशक्ती द्यायची, एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्याच पुढे उभा करून रेडिएटरला गरम हवा पाजायची, आणि हे सगळे कापडी पडद्यांच्या गाडीसाठी करायचे, हा हिशेब घाटात परवडत नाही. पुढे कधी पत्र्याचे बंद छत बसवले, तर तो पुन्हा मांडता येईल. तोपर्यंत पावसाळ्यानंतर फोम उचलून खालचा पत्रा पाहणे, ढालीचे बोल्ट आवळणे आणि रात्री बॉनेटखाली दिवा लावून नव्या फटी शोधणे एवढे काम मेकॅनिककडे सोपवले आहे.